दवाखान्यात विचारावयाचे दोन प्रश्न

वऱ्हाडातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दिवस बाजाराचा होता. बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्यात केवढी गर्दी होते, हे आपणांपैकी ज्यांनी केसपेपरच्या रांगेत उभे राहून पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. त्या गर्दीत दहावीतला एक मुलगा आला. "काय होतंय?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "पोट दुखते जी." पोट तपासले, ते मऊ होते. जीभ पाहिली, पापण्या खाली ओढून पाहिल्या, जंताची गोळी दिली. दोन मिनिटांत तो बाहेर. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी डोके दुखत होते. चष्मा लागला असेल म्हणून मी त्याला डोळे तपासावयास पाठविले. डोळे चांगले निघाले. तिसऱ्या खेपेला म्हणाला, झोप येत नाही, अंग गळून गेल्यासारखे वाटते. मी रक्त तपासले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि वर "मोबाईल कमी पाहत जा" असा उपदेशही केला. त्या मुलाला मी तीन वेळा तपासले, पण त्याच्या मनाचे काय चालले आहे हे एकदाही विचारले नाही.

चौथ्या खेपेला तो आला नाही. त्याच्या शाळेतल्या बाई आल्या. शाळा सुटल्यावर बसची वाट पाहावयाची ती दवाखान्याच्या ओट्यावर पाहावी, अशा बेताने आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, या मुलाचं काहीतरी बिनसलंय. पूर्वी शाळेत सगळ्यांच्या आधी यायचा. पाण्याची टाकी तो भरायचा, घंटा तो द्यायचा. दिवाळीपासून मागच्या बाकावर जाऊन बसतो. परवा मी त्याची वही पाहिली. रोजच्या पानावर तारीख लिहिलेली आहे आणि तारखेखाली काही नाही. असे किती दिवस!"

ती वही त्यांनी पिशवीतून आणली होती. माझ्या तीन तपासण्यांत जे दिसले नाही ते त्या वहीत दिसत होते.

मोठ्या माणसांना नैराश्याचा आजार होतो, हे आता खेड्यातही पुष्कळांना माहीत झाले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो होऊ शकेल, हे मात्र अजून आपल्या मनाला पटत नाही. "त्याला कसलं आलंय दुःख? बापाच्या जिवावर खातो, हिंडतो!" असे आपण म्हणतो. वस्तुस्थिती अशी आहे की, मनाचे जे आजार माणसाला पुढे आयुष्यभर छळतात, त्यांतील पुष्कळसे किशोरवयातच सुरू झालेले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलीला न्हाण आल्यानंतरच्या वर्षांत मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांहून पुष्कळच वाढते. आणि या वयातला आजार पुष्कळदा रडक्या चेहऱ्याने येत नाही. मूल चिडचिड करू लागते. जेवणावरून उठते. उत्तरे उलटी देते. त्याचे पोट दुखते, डोके दुखते. रात्री झोप नाही आणि सकाळी उठवत नाही. घरचे म्हणतात, पोरगा माजला. शाळेत म्हणतात, लक्ष नाही. दवाखान्यात आम्ही म्हणतो, रक्त कमी आहे. प्रत्येकाच्या हाती आजाराचे एकेक टोक असते आणि आजाराला नाव मात्र कोणीच देत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. परीक्षेत कमी गुण पडले, आजी वारली, मैत्रिणीने बोलणे टाकले, तर मूल खिन्न होणारच. ते व्हावयासच पाहिजे. पण ते खिन्न मूल पोळ्याच्या दिवशी बैलांना सजवायला धावते, चुलतभाऊ आला की हसते. नैराश्याच्या आजारात तसे होत नाही. जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, निदान पंधरा दिवस ही अवस्था टिकते, आणि शाळा, खेळ, जेवण, झोप यांची घडी विसकटते.

मग हा आजार ओळखावा कसा? त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, फोटो नाही. विचारावेच लागते. २००१ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी सर्वसाधारण दवाखान्यांसाठी ९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पी.एच.क्यू.-९ या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे तीत विचारतात. अजिबात झाला नाही तर ०, काही दिवस झाला तर १, निम्म्याहून जास्त दिवस झाला तर २, जवळजवळ रोज झाला तर ३. अशी बेरीज २७ पर्यंत जाते आणि १० किंवा अधिक झाली तर नीट लक्ष घालावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. किशोरांसाठी या प्रश्नावलीचे वेगळे रूप आहे. त्यात उदास वाटण्याच्या जोडीला चिडचिड होण्याचाही उल्लेख केलेला आहे. ज्याला वेळ नाही, त्याने या नवांतले पहिले दोनच प्रश्न विचारले तरी सुरुवात होते. एक, नेहमीच्या गोष्टींत मन रमेनासे झाले आहे काय? आणि दुसरा, मन उदास, निराश राहते काय? या दोहोंची बेरीज ३ किंवा त्याहून अधिक आली, तर उरलेले सात विचारावयाचे.

आता ही झाली चाळण. चाळण म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरी मी सांगावयास नको. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा किडका नसतो. तो मग सुपात घेऊन निवडावा लागतो. आपल्याकडे शाळेत सिकलसेलची तपासणी होते. पहिल्या चाचणीत दोष आला म्हणून कोणी मुलाला लगेच सिकलसेलचा रोगी ठरवीत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस करून खात्री करतात. येथेही तसेच आहे. समजा, एका शाळेतल्या १०० मुलांना हे प्रश्न विचारले आणि त्यांपैकी ५ मुलांना खरोखरीच हा आजार आहे. चाळण चांगली असेल तर त्या पाचांपैकी चार-पाच तिच्यावर राहतील. पण त्यांच्याबरोबर आजार नसलेली वीस-एक मुलेही राहतील. कोणी आदल्या रात्री भांडलेले असेल, कोणी तापातून उठलेले असेल. त्या पंचवीस मुलांच्या नावांची यादी करून कोणी फलकावर लावली, तर उपकार करावयास जाऊन आपण किती घरे दुखावू! म्हणून माझे स्पष्ट मत असे की, हे प्रश्न वर्गात सामुदायिकपणे वाटावयाचे नाहीत. ते दवाखान्यात, एकेका मुलाला, समोर बसवून विचारावयाचे.

अमेरिकेत रोगप्रतिबंधाबाबत सल्ला देणारे तज्ज्ञांचे एक कार्यदल आहे. त्याने २००९ साली सांगितले की, १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना प्राथमिक दवाखान्यातच हे विचारले जावे. २०१६ आणि २०२२ साली तेच पुन्हा सांगितले. अकरा वर्षे व त्याखालील मुलांबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही, असेही म्हटले. या सल्ल्याला पहिल्यापासून एक अट जोडलेली होती आणि मला ती सल्ल्याहून मोलाची वाटते. विचारल्यानंतर पक्के निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असली पाहिजे. विहिरीत दोर सोडावयाचा आणि खालच्या माणसाने तो धरला की आपण हात काढून घ्यावयाचा, असे होता कामा नये.

आपल्याकडे काय आहे ते पाहू. तीस वर्षांवरील माणसांसाठी आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका कोणाला आहे, हे त्यावरून कळते. त्या फॉर्मच्या शेवटच्या भागात आत्ता सांगितलेले हेच दोन प्रश्न छापलेले आहेत. म्हणजे बापाला ते विचारले जातात. त्याच ओसरीवर पुस्तक उघडून बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तो फॉर्म लागू नाही. तिच्यासाठी २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. १० ते १९ वर्षांची मुले त्यात येतात, मानसिक आरोग्य हा त्याच्या विषयांपैकी एक आहे, आणि त्यासाठी दवाखान्यांतून जी किशोर आरोग्य केंद्रे उघडली, त्यांना आपल्या राज्यात 'मैत्री' असे गोड नाव दिलेले आहे. नाव गोड असले तरी मुले आपण होऊन तेथे फारशी फिरकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मूल पोटदुखीसाठी मात्र येते, म्हणून मैत्री पोटदुखीच्या रांगेतच सुरू करावी लागते.

गावपातळीवर हे काम होऊ शकते, याचा दाखला आमच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. तेथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. स्थानिक माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघरी जात, बोलत, समुपदेशन करीत, आणि ज्यांना गरज असेल त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पोचवीत. सुरुवातीला, नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी मदत घेणारे शेकडा ४ च्या आसपास होते. पुढे ते शेकडा २७ वर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काम प्रौढांमधले होते हे खरे, पण गावेही आपलीच आणि माणसेही आपलीच.

मला खरी अडचण आली ती भाषेची. छापील मराठी प्रश्न मी पहिल्यांदा एका मुलाला वाचून दाखविला, "कामात रस अथवा आनंद न वाटणे, असे किती दिवस झाले?" तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "वाटते सर." त्याला ती तोंडी परीक्षा वाटली. मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "तुला आधी काय आवडायचं रे?" म्हणाला, "कबड्डी." "मग आता?" "आता जीव रमत नाही जी." प्रश्न तोच, पण आता तो त्याला कळला. 'नैराश्य' हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नाही. मन लागत नाही, जीव घाबरा होतो, कशात राम वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं, असे बोलतात. आशाताईंनी आणि परिचारिकांनी आपल्या भागातले असे शब्द कानांत साठवावेत.

दुसरी गोष्ट, मुलाला एकट्याला विचारावे. आई शेजारी बसलेली असली की उत्तर आईच देते, "तसं काही नाही जी, खातो-पितो चांगला." आईला बाहेर बसावयास सांगणे अवघड वाटते, पण "आता मी थोडं त्याच्याशी बोलतो, मग तुमच्याशी बोलतो" एवढे म्हटले तर कोणी रागावत नाही. मुलगी असेल तर परिचारिकेने विचारावे, किंवा निदान तिने जवळ असावे. आणि तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. "तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये. जिवाला धोका असेल तर आईबापांना सांगावेच लागते. कोणी त्या मुलावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेव्हा आधीच सांगून टाकावे, "बाकी सगळं आपल्या दोघांत. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मी गप्प बसणार नाही. आणि कोणाला सांगतो आहे ते तुला आधी सांगीन." हे ऐकून मुले बोलावयाची थांबतील असे मला वाटत होते. तसे झाले नाही.

आता त्या मुलाकडे परत येतो. बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर पाठविले. पहिल्या दोन प्रश्नांनंतर पुढचे विचारीत गेलो. मोठ्या भावाने याच्या शिक्षणासाठी शाळा सोडून पुण्याला कंपनीत काम धरले होते. आणि याला तर गणित येत नव्हते. "मी साऱ्याइले बुडवलं," असे तो सारखे म्हणत होता. नववा प्रश्न आला, तेव्हा माझाच आवाज बारीक झाला. जगणे नकोसे वाटते काय, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते काय, हा तो प्रश्न. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसता विचार शिरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते, आणि मलाही वाटत होती. पण या विषयावर जो अभ्यास झाला आहे, त्यात अशा विचारण्याने धोका वाढतो असे आढळलेले नाही. मी विचारले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "येते जी मनात." पुढे म्हणाला, "हे मले आधी कोणी विचारलंच नाही."

त्या दिवशी त्याला एकटे घरी जाऊ दिले नाही. आईवडिलांना बोलावून घेतले. वडील घाबरून म्हणाले, "म्हणजे आता पोराले नागपूरच्या पागलखान्यात टाकता का साहेब?" ही भीती खेडोपाडी आहे, पुण्याकडे येरवड्याचे नाव घेतात, मुंबईकडे ठाण्याचे. मी त्यांना सांगितले की, असे काही नाही. जिल्हा रुग्णालयात जसा डोळ्यांचा विभाग, तसा मनाच्या आजारांचा. तपासून घ्यावयाचे, औषध घ्यावयाचे आणि संध्याकाळच्या बसने घरी यावयाचे. पोलिसांचीही भीती लोकांना असते. पण अशा मुलाला मदत हवी असते, शिक्षा नव्हे, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही हीच दृष्टी ठेवतो. मग आम्ही घराचा विचार केला. कपाशीच्या फवारणीची औषधे खाटेखाली ठेवलेली असत. ती त्याच संध्याकाळी चुलत्याच्या घरी कुलपात गेली आणि किल्ली चुलत्याने कमरेला लावली. आईने काही दिवस त्याच्याजवळच अंथरूण टाकले. देवाला नवस करावयाचा का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, जरूर करा, पण गुरुवारची बसही चुकवू नका.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी त्याला फ्लुओक्सेटिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशकाकडे दिले. प्रत्येकाला गोळ्या लागतात असे नाही. आजार सौम्य असेल तर बोलणे, झोपेची वेळ बांधणे, रोज थोडे खेळणे आणि दर पंधरा दिवसांनी भेटणे, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. पण गोळ्या दिल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत मुलावर विशेष लक्ष ठेवावे लागते. "चार दिवस झाले, फरक नाही" म्हणून बंद करणे किंवा बरे वाटले म्हणून मनानेच सोडणे, ही दोन्ही घातक.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे. मास्तरांच्या डोक्यावर जनगणना आहे, निवडणूक आहे, पोषण आहार आहे. त्यात आता नैराश्याची तपासणीही टाका, असे मी म्हणणार नाही. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत मुलांचे मानसिक आरोग्य सांभाळण्याचे काम त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकांना दिले, आणि काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे सोपविले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकांच्या शाळांत मुलांचे नैराश्य कमी झाले, मारामारी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. याचा अर्थ शिक्षक कमी पडतात असा मी करीत नाही. एका माणसाच्या हातात किती द्यावे, याचा तो हिशेब आहे. पण जे आपल्याला दिसते ते आम्हांला दिसत नाही. मुलगा दिवाळीपूर्वी कसा होता आणि दिवाळीनंतर कसा झाला, हे दोन मिनिटांत तपासणाऱ्या डॉक्टरला कसे कळावे? तेव्हा निदान करू नका, सर्वांदेखत विचारू नका. वहीत तारखेखाली काही नसेल, तर ती वही घेऊन दवाखान्यात या, एवढीच माझी विनंती आहे. आणि रात्री-अपरात्री कोणी सापडले नाही, तर १४४१६ हा क्रमांक आहे. टेलि-मानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. शाळेच्या फलकाच्या कोपऱ्यात हा आकडा लिहून ठेवावयास एक खडू पुरतो.

त्या मुलाने मार्चमध्ये परीक्षा दिली. गणितात राहिला. निकालाच्या दिवशी बाई त्याच्या घरी जाऊन बसल्या होत्या. जुलैच्या पुरवणी परीक्षेत तो विषय सुटला. मध्ये एकदा पुन्हा त्याचे मन खाली गेले होते, पण त्या वेळी तो आपण होऊन आला. केसपेपर न काढता थेट आत आला, म्हणून परिचारिका त्याला रागावली.

पोटदुखीची औषधे मी आजही देतो. ती देताना विचारतो, "आधी जे आवडायचं, त्यात अलीकडे जीव रमतो का?" बहुतेक मुले "हो जी" म्हणतात आणि चिठ्ठी घेऊन पळतात. एखादे काहीच बोलत नाही. तेव्हा परिचारिकेला मी रांग जरा थांबवावयास सांगतो.